नारायण पेठेतली कँटोनीज विहीण

काकूंच्या घराला बेल नव्हती. म्हणजे होती, पण तिची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने पकडीने तोडली होती, कारण ती बेल कोमल निषाद आणि शुद्ध निषाद यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळायची. "एक काय ते ठरव म्हणावं," हे त्यांचं बेलबद्दलचं मत. आलेल्या माणसाने दारावर टकटक करायची, तीही दोनदा, आणि जरा थांबून तिसरी. मी पहिल्या दिवशी पाठोपाठ सात-आठ वाजवल्या. काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आग लागलीय का?"

मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलेली. नारायण पेठेत एका बाईंच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने मिळते एवढंच कळलं होतं, म्हणून बॅग घेऊन तीन जिने चढून धापा टाकत उभी होते. आमच्याकडे भाडेकरूला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आडून आडून नको ते. काकूंनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी मला 'सा' लावायला सांगितला. मी लावला, जो काय लागायचा तो. त्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाल्या, खोली तुझी, फक्त अंघोळ करताना गाणार नाही असं कागदावर लिहून दे. मला वाटलं, बाई थट्टा करतेय. थट्टा कसली बाप्पा! तो कागद पुढे तीन वर्षं फ्रिजच्या दारावर होता, माझ्या सहीसकट.

त्या घरात सगळं सुरावर चालायचं. कुकरची शिट्टी पंचमात वाजायची आणि काकूंचा तिच्यावर भारी जीव. ती शिट्टी एकदा खराब झाली, नवी आणली, तर नवी उतरलेली निघाली. काकू कुकर काखेत मारून दुकानात. दुकानदार म्हणाला, काकू, भात शिजतोय ना? काकू म्हणाल्या, भात शिजतो हो, पण मला ऐकवत नाही. शेवटी त्यांनी दुकानातल्या एकूण एक शिट्ट्या घरी नेऊन वाजवून बघायची परवानगी मागितली, आणि त्या भल्या माणसाने ती दिली. त्यापायी दोन दिवस आम्ही तिन्हीत्रिकाळ भात खाल्ला.

काकूंचं बोलणं असं की समोरच्याला कापलं गेल्याचं घरी गेल्यावर कळावं. माझ्या बोलण्यात 'का'च्या जागी 'काहून' आला की त्या म्हणायच्या, "तुम्ही बोलता त्यालाही मी मराठीच म्हणते हो. तेवढी उदार आहे मी." आणि हे म्हणता म्हणता माझ्या पोळीवर अजून एक चमचा तूप घालायच्या. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

पण काकूंचा खरा लौकिक होता विहीण म्हणण्याचा. हल्ली पुष्कळांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. लग्नात मुलाच्या आईची, म्हणजे विहिणीची, वेगळी पंगत असते. ताटाभोवती रांगोळी, चांदीच्या वाट्या, आग्रहावर आग्रह. ती पंगत बसली की मुलीकडची एक बाई उभी राहून गाणं म्हणते, त्या गाण्यालाही विहीणच म्हणतात. त्यात दुसरंतिसरं काही नसतं. आम्ही ही पोर जिवापाड जपली, आता ती तुमच्या ओटीत घातली, तिला सांभाळून घ्या, एवढंच. पण चांगली म्हटली तर अख्खं कार्यालय डोळे पुसतं. मुलीची आई बिचारी तोपर्यंत हुंदक्यांपलीकडे गेलेली असते, म्हणून अर्ध्या पुण्यात काकूंना बोलावणं असायचं. त्या कोणाकडून काही घ्यायच्या नाहीत. अटी मात्र असायच्या. गाणं चालू असताना मठ्ठा वाढायचा नाही, वाटी-चमच्याचा आवाज करायचा नाही, आणि फोटोग्राफरने असेल तिथे पुतळा होऊन उभं राहायचं.

कोथरूडच्या एका कार्यालयात मी त्यांच्याबरोबर गेले होते, इलेक्ट्रॉनिक तानपुरा धरायला. विहीण अगदी रंगात आलेली, आणि मुलाच्या आत्याबाईंनी फोन घेतला. हॅलो, हां बोल, जेवायला बसलोय. काकू ओळीच्या मध्यावर थांबल्या. पंगतीतले हात वरणभातात थांबले. आत्याबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, अहो म्हणा ना तुम्ही. काकू गोड हसल्या. "नको, आधी तुमचं होऊ दे. फोन महत्त्वाचा असेल. मुलगी काय, तशीही जाणारच आहे." आत्याबाईंनी फोन पर्समध्ये घातला, पर्स पाटाखाली सरकवली, आणि जेवण संपेपर्यंत मान वर केली नाही.

एवढ्या बायकांना रडवलं, पण काकूंचे स्वतःचे डोळे कोरडे ठणठणीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "रडणं हे ऐकणाऱ्याचं काम. गळा एकच असतो, त्याला एका वेळी एकच काम सांगावं." काका गेले तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती, तेव्हाही म्हणे त्या रडल्या नव्हत्या. मी आईला फोनवर सांगितलं होतं, बाई मनाने चांगली आहे, पण दगड आहे दगड. हे मी बोलले आहे, आता लपवून काय करू?

ती मुलगी, मी तिला ताई म्हणते, हाँगकाँगला नोकरीला होती. एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तिने शेजारी बसलेला एक मुलगा दाखवला. तिथलाच. हसरा, चष्मेवाला, नमस्कार करताना चष्मा सावरणारा. त्याला आईशिवाय कोणी नाही आणि त्या आईचं कपडे उसवून-शिवून बेताचे करून देण्याचं छोटं दुकान आहे, असं ताईने सांगितलं. त्याच्या आईला मराठी येत नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. काकू म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला. नंतर दोन दिवस घरात तानपुरा सोडून कोणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी चहाला बसल्यावर त्या आपणहून बोलल्या. मला वाटलं आता धर्म निघणार, खाणंपिणं निघणार, लोक काय म्हणतील निघणार. त्यातलं काहीच नाही. म्हणाल्या, "मुलगा चांगला दिसतो. माझं दुखणं वेगळंच आहे. जन्मभर मी लोकांच्या मुली विहिणींच्या हाती दिल्या. माझ्या मुलीच्या वेळी समोरच्या बाईला एक अक्षर कळणार नाही. ती मान डोलवेल आणि भात खाईल."

मी म्हटलं, कागदावर भाषांतर छापून देऊ. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बशीत उरलेला चहा न पिता उठले.

पण काहीतरी मनात शिरलं असावं. त्याच संध्याकाळी त्यांनी ताईला फोन लावून विचारलं, त्या बाईंना कुठलं गाणं आवडतं. ताईने त्या मुलाला विचारलं आणि एक गाणं पाठवलं. नवरा गेल्यावर त्याची आई रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते टेपवर लावायची म्हणे, इतकं की त्याला पाळण्यातल्या गाण्यांऐवजी तेच आठवतं. आम्ही जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून ऐकलं. ढोल काय, ट्रम्पेट काय, आणि गाणारा जणू बसमागे धावता धावता गातोय. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "हे? विहिणीच्या पंगतीत?"

मग ताईने अर्थ सांगितला. पडलास तर धूळ झटक. बस चुकली तर चालू लाग, पुढचा थांबा याच रस्त्यावर आहे. आभाळ कोसळलं तर घाबरू नकोस, गोधडी समजून पांघरून घे. उद्या सूर्य यायचा तो येणारच, तू तोंड धुऊन तयार राहा. काकू म्हणाल्या, परत लाव. परत लावलं. आणखी एकदा लाव म्हणाल्या. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की हे गेले तेव्हा मला सगळ्यांनी भजनं ऐकवली; संसार कसा मिथ्या आहे ते सांगितलं; हे कोणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्या नवऱ्याबद्दल बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

शिकवणी सुरू झाली. दर रविवारी सकाळी जावईबापू फोनवर, काकू जमिनीवर मांडी घालून, मी मध्ये इंग्रजीची दुभाषी. काकू पहिल्यांदा त्याला 'चिनी गाणं' म्हणाल्या. ताईने सुधारलं, आई, कँटोनीज. काकूंनी हातानेच 'कळलं' म्हटलं. त्यांनी आठवडाभर घोटून पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि काय सांगू, अप्रतिम म्हणाल्या. विहीण ती विहीण, म्हणून लय संथ केलेली, जागोजागी मींड, समेवर येताना एक सुंदर मुरकी. फोनच्या पलीकडे मुलगा नुसता चष्मा सावरत बसला. मग फार अदबीने त्याने सांगितलं की गळा सुंदर आहे, पण आमच्याकडे प्रत्येक अक्षराचा सूर ठरलेला असतो. तो वरखाली केला की शब्दच राहत नाही. चाल सरळ म्हणायला हवी.

चाळीस वर्षं हरकती घेतलेल्या बाईला हरकत घेऊ नका म्हणणं म्हणजे आमटीत मीठ घालू नका म्हणण्यासारखं. मला वाटलं आता फोन आपटतात. पण काकू थक्क होऊन माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे तिथे भाजीवालासुद्धा सुरात बोलतो?" मी विचारून सांगितलं, हो, एका अर्थी. "असा मुलूख पृथ्वीवर आहे आणि मला साठ वर्षं कोणी सांगितलं नाही." त्यानंतर या लग्नाबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका उरली नाही. बेसूर बोलताच येत नाही असं सासर त्यांनी स्वतः शोधलं असतं तरी मिळालं नसतं.

मग जे सुरू झालं ते पेठेने पाहिलं. वहीत लाल शाईने शब्द, खाली निळ्या शाईने स्वर. गाण्यात ङ ने सुरू होणारे शब्द होते, त्याचा त्यांना कोण आनंद. हे अक्षर आयुष्यभर मुळाक्षरांत रिकामं बसलेलं, त्याला आज काम मिळालं म्हणाल्या. मुरकी चुकून आली की स्वतःच्याच मांडीवर फाडकन चापट. महिनाभरात मांडी लाल आणि गाणं सरळ झालं. समोरच्या इमारतीतले आजोबा रोज गॅलरीत पेपर घेऊन बसायचे. त्यांनी एक दिवस न राहवून विचारलं, हे कुठलं स्तोत्र? काकू म्हणाल्या, "ऐका. कळलं नाही तरी पुण्य लागतं." आजोबा त्यानंतर हात जोडून ऐकायचे. मला तर ते गाणं इतकं पाठ झालं की ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा सर्व्हर बंद पडल्याची बातमी आली आणि माझ्या तोंडून आपसूक 'आभाळ कोसळलं तर'ची ओळ निघाली, तीही कँटोनीजमध्ये. मॅनेजरने मला बरं वाटत नसेल तर घरी जा म्हणून सांगितलं.

विरोध एकाच व्यक्तीचा होता, काकूंच्या नणंदेचा. लग्नात असलं बँडबाजाचं गाणं, तेही परक्या भाषेत, विहिणीचा अपमान नाही का, असं त्या येऊन तासभर सांगत होत्या. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वन्सं, अपमान कळायलासुद्धा भाषा कळावी लागते. ती तरी शिकतेय मी."

पण लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र मी त्यांना वेगळंच पाहिलं. ताई हातावर मेंदी काढून झोपली होती, दुपारची. काकू तिच्या उशाशी वही घेऊन बसलेल्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाल्या, मध्येच विसरले तर काय गं करायचं. मी म्हटलं, तुम्ही विसरणार नाही. "विसरण्याची भीती नाही," त्या म्हणाल्या, "न पोचण्याची आहे. नाही पोचलं तर मी मुलगी नुसती पाठवली. सोपवली नाही."  मी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून बाहेर आले.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई पाहिल्या आणि मला हसूच आलं. बारीक, चटपटीत, कुणीतरी नेसवलेल्या जांभळ्या पैठणीत, आणि चालता चालता दुसऱ्या बायकांच्या साड्यांचे फॉल बोटांनी चाचपून बघणाऱ्या. पंगत बसली. त्यांच्याकडची नऊ माणसं टेबल-खुर्च्यांवर, ताटांभोवती रांगोळ्या, मसालेभात, अळूची भाजी, जिलबी. विहीणबाई आमच्यासारखं हाताने कालवून जेवायचा प्रयत्न करत होत्या आणि भात मनगटापर्यंत चढला होता. मुलीच्या आईने या पंगतीला बसायचं नसतं. तिने वाढायचं, आग्रह करायचा आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं. काकूंनी वाढून हात धुतले, पदर खोचला आणि त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. मी तानपुरा चालू केला.

पहिली ओळ सरळ, स्वच्छ. कुठे मींड नाही, मुरकी नाही. पलीकडची नऊच्या नऊ माणसं खायची थांबली. विहीणबाईंचा हात तोंडाशी होता, तो तसाच राहिला. आमच्याकडच्या लोकांना काही कळत नव्हतं, पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दुसरी ओळ झाली. बस चुकलेली ओळ झाली. काकू आभाळाच्या ओळीवर आल्या, आणि तेवढ्यात त्यांची नजर ताईवर गेली. ताई पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बाजूला सारून, आईकडे बघून ओठांनी ती ओळ म्हणत होती. काकूंचा आवाज थांबला. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली, आणि आवाज आलाच नाही. इतकं आनंदाचं गाणं, आणि काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कार्यालयात नुसता माझ्या हातातला तानपुरा वाजत राहिला.

आणि विहीणबाई ताटावरून उठल्या.

आता हे काय आहे ते आमच्या बायकांना विचारा. जेवत्या ताटावरून विहीण उठली म्हणजे विहीण रुसली, आणि विहीण रुसली म्हणजे लग्नाला गालबोट. काकूंच्या नणंदबाई माझा दंड धरून कुजबुजल्या, "तरी मी सांगत होते." दोन-तीन बायका समजूत काढायला पुढे धावल्या. एकीने तर पायांवर घालायला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला. विहीणबाई त्या सगळ्यांना बाजूला सारत, पैठणी गोळा करून, भाताने माखलेला उजवा हात वर धरून थेट काकूंसमोर आल्या. डाव्या हाताने त्यांनी काकूंचं मनगट पकडलं आणि आभाळाची ओळ सुरू केली.

आवाज म्हणाल तर फाटका. रहदारीच्या रस्त्यावर शटर वर करणाऱ्या बाईचा. सुरात होता की नव्हता मला कळत नाही, माझा कागद होताच फ्रिजवर. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांच्याकडची माणसं टाळ्या वाजवायला लागली, जावईबापू धोतर सावरत उभा राहिला, आणि पुढच्या ओळीला काकूंचा आवाज परत आला. रडत रडतच आला. एकच गळा, आणि दोन्ही कामं करत होता. शेवटपर्यंत दोघींनी ते म्हटलं, मनगट धरूनच.

गाणं संपल्यावर विहीणबाई भराभर काहीतरी बोलल्या. ताई इतक्या वर्षांत तिथली भाषा बऱ्यापैकी शिकली होती, ती मध्ये येऊन उभी राहिली. "आई, त्या विचारतायत, ही रुसली की काय करायचं." जरा थांबून म्हणाली, "ही म्हणजे मी."

काकूंनी पदराने नाक पुसलं. "काही करू नका म्हणावं. अर्ध्या तासाने भूक लागते, आपणहून बाहेर येते."

ताईने ते सांगितलं, माझा संशय आहे की बरंच गाळून सांगितलं. विहीणबाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि पुन्हा काही विचारलं.  ताईने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"त्या विचारतायत, मी गेल्यावर तुला करमणार नाही, तेव्हा त्यांनी काय करायचं."

मी त्या घरात तीन वर्षं राहिले. रोज दोन वेळा त्यांच्या हातचा चहा प्यायले. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता, आणि त्या क्षणी मला माझी भयंकर लाज वाटली. काकूंना कोणत्याही बोलण्यावर उलट उत्तर तयार असायचं. आम्ही सगळे त्या उत्तराची वाट बघत होतो.

"माहीत नाही म्हणावं," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदाच होतंय."

ताईचं सांगून पुरतं झालंही नव्हतं, तोवर विहीणबाईंनी काकूंना आपल्या जागेपाशी नेलं, शेजारच्या पाहुण्याला उठवून त्याची खुर्ची ओढली, काकूंना खांद्याला धरून तिच्यावर बसवलं आणि आपलं ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. नणंदबाई अहो-अहो करत पुढे आल्या, पण काकूंनी जिलबीचा तुकडा मोडलासुद्धा होता. विहिणीच्या पंगतीत मुलीची आई जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.